शेडातली बॅटरी, घरातली बॅटरी: 14 महिन्यांत सेलचं काय झालं

मागच्या वर्षी अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चोपड्याहून दोन सारख्याच बॅटऱ्या आणल्या, दोन-दोन मोठ्या सेलच्या. एक घरात कोनाड्यात ठेवली, दुसरी शेतात पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली. दोन्हींना काम क्वचितच. पण मोटारीला रात्रीची लाइट असली की केळीच्या बागेत मोबाइलचा उजेड पुरत नाही. आमच्याकडे घोणस निघते, पाय कुठे पडतोय ते दिसलंच पाहिजे.

घरच्या बॅटरीत अल्कलाइन सेल टाकले. शेडातल्या बॅटरीत साधे, त्यातही एक नवा आणि एक आप्पांच्या रेडिओतला अर्धा वापरलेला. ही माझी चूक. दिवाळीच्या सुमारास एका रात्री आप्पा बांधावरून ओरडले, "बॅटरी लागत नही शे!" उघडली तर जुना सेल फुटून चिकट पाणी स्प्रिंगपर्यंत गेलेलं. साध्या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं भांडं असतं. सेल वापरला जातो तसं ते जस्त झिजत जातं आणि शेवटी भोक पडतं. जुना-नवा एकत्र लावला की नवा सेल जुन्याला तो संपल्यावरही रेटत राहतो, म्हणून जुना आधी फुटतो. त्यात पत्र्याखालचा उकाडा. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, स्प्रिंग पॉलिश पेपरने घासून बॅटरी वाचवली. अल्कलाइन सेल गळून पांढरी बुरशी धरली असेल तर मात्र सोडा नको, तिथे लिंबू किंवा व्हिनेगर लागतं, कारण तो क्षार असतो. हाताला लागू देऊ नका.

तेव्हापासून शेडमध्येही अल्कलाइनच, दोन्ही एकाच पाकिटातले. त्यावर अख्खा मे महिना गेला. गेल्या आठवड्यात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून मीटर आणून मोजलं. घरचे 14 महिन्यांचे सेल 1.57 व्होल्ट, शेडातले 8 महिन्यांचे 1.53. तो म्हणाला, नुसतं मोजून फसाल, बॅटरी लावून मोजा. लावल्यावर घरचा 1.46, शेडातला 1.38. वय कमी असून शेडातलेच जास्त उतरले. वापर दोन्हींचा जवळपास सारखाच, महिन्यातून एक-दोनदा. मला तरी फरक उन्हाचाच वाटतो. आमच्या धाब्याच्या घराच्या जाड भिंतीत कोनाडा भर उन्हाळ्यातही गार असतो, आणि पत्र्याखाली दुपारी हात लावावा तर खिळाही पोळतो.

अल्कलाइन सेल गार जागी पाच-सात वर्षं टिकतात, साधे दोन-तीन. उन्हात हा हिशेब चालत नाही, आणि क्वचित लागणाऱ्या बॅटरीत साधे सेल मी पुन्हा घालणार नाही, स्वस्त असले तरी.

आता शेडचा खिळा रिकामा आहे. दोन्ही बॅटऱ्या कोनाड्यात, चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून सेलच्या मध्ये जाड कागदाची पट्टी. दर अमावास्येला पट्टी काढून एकदा लावून बघतो. रात्रीच्या पाळीला निघताना पट्टी काढायची आणि बॅटरी आप्पांच्या हातात द्यायची.