इंटेल की एएमडी? ऑफर घेण्याआधी वरच्या खुर्चीकडे बघा

भाच्याच्या हातात सध्या दोन ऑफर आहेत. एक मोठ्या नावाच्या कंपनीची, दुसरी लहान पण जोमात असलेल्या कंपनीची. "मामा, कुठली घेऊ?" या प्रश्नावर मी त्याला इंटेल आणि एएमडीची गोष्ट सांगितली. गेली कित्येक वर्षं या दोन कंपन्या त्याच ग्राहकासाठी, संगणकाची त्याच प्रकारची चिप, म्हणजे प्रोसेसर, बनवत आल्या आहेत. वरच्या माणसाच्या निर्णयाने माल कसा सुधारतो आणि कसा बिघडतो, हे इथे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

ऑक्टोबर २०१४मध्ये इंजिनिअर असलेल्या लिसा सू एएमडीच्या सीईओ झाल्या तेव्हा कंपनी अगदी टेकीला आली होती. कारखाने २००९मध्येच वेगळे काढलेले, ऑस्टिनचा कॅम्पस २०१३मध्ये विकून पुन्हा भाड्याने घेतलेला, २०११चा बुलडोझर प्रोसेसर आपटलेला. पुढच्याच वर्षी शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला. अशा तंगीत माणूस मिळेल ते काम पदरात पाडून घेतो. सू यांनी कामं कमी केली. सगळं जग मोबाइलच्या चिपमागे धावत असताना त्यांनी त्या बाजाराला सरळ नाही म्हटलं. झेन या प्रोसेसरच्या नव्या रचनेचं काम त्या सीईओ होण्याआधीच सुरू झालं होतं. हातात पैसा नसताना ते कापलं नाही, हे त्यांचं मोठं काम. क्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या तालाच्या, तितक्याच ठोक्यांत आधीपेक्षा ४० टक्के जास्त काम, असं झेनचं लक्ष्य जाहीर झालं होतं. मार्च २०१७मध्ये या रचनेवरचा रायझन प्रोसेसर आला तेव्हा कंपनीने सांगितलेला आकडा होता ५२. त्यातला आठ कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) १८००एक्स ४९९ डॉलरला होता. इंटेलच्या आठ कोअरच्या चिपला तेव्हा हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत.

आता इंटेल. नेहमीच्या डेस्कटॉपसाठी त्यांची सगळ्यात वरची चिपसुद्धा जवळजवळ दहा वर्षं चारच कोअरची राहिली. रायझननंतर सात महिन्यांत सहा कोअरची चिप बाजारात आली. चिप काही सात महिन्यांत घडत नाही. म्हणजे इंजिनिअरांना हे आधीपासून जमत होतं, पण स्पर्धक गळपटलेला असताना ग्राहकाला जास्त द्यायची निकड वर कुणाला वाटत नव्हती, असाच मी त्याचा अर्थ लावतो. त्याच काळात १० नॅनोमीटरची, म्हणजे चिपवरचे भाग आणखी बारीक करणारी, उत्पादनाची नवी प्रक्रिया रखडली. एकाच पिढीत ट्रान्झिस्टरची २.७ पट दाटी साधायचा बेत फार मोठा होता, हे कंपनीने नंतर मान्य केलं. २०१६च्या आसपास अपेक्षित असलेलं उत्पादन मोठ्या प्रमाणावर यायला २०१९ उजाडलं. दरम्यान २०१६मध्ये १२,००० नोकऱ्या कमी करायची घोषणा झाली, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत स्वतःचेच शेअर परत घेण्यावर ३० अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाले.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे इंजिनिअर सीईओ चांगला, फायनान्सवाला वाईट." नाही रे बाबा. १० नॅनोमीटर रखडलं तेव्हा प्रमुख होते ब्रायन क्रझानिच, कारखान्यातूनच वर आलेले. नंतरचे सीईओ पॅट गेल्सिंगर तर इंटेलच्याच जुन्या ४८६ प्रोसेसरच्या रचनेचे प्रमुख होते. त्यांच्या काळात, २०२४मध्ये, इंटेलला सुमारे १९ अब्ज डॉलरचा तोटा झाला. आधीच्या चुकांचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं हे खरं, पण डिग्री बघून नेता ओळखता येत नाही एवढं यातून नक्की कळतं.

माझ्या मते खरी खूण वेगळी आहे: वाईट बातमी वर पोचायला किती वेळ लागतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी फर्मवेअरवर, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरवर, होतो. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी टेस्टिंगमधल्या मुलीने एक बोर्ड टेबलावर ठेवला, वीज तोडली, जोडली, तोडली, जोडली. पाचव्यांदा बोर्ड उठलाच नाही. मॅनेजरने एक्सेलमध्ये त्या ओळीपुढे 'नोन इश्यू' लिहिलं आणि रकाना हिरवा ठेवला. वरच्या मीटिंगमध्ये लाल रकाना दाखवणाऱ्याची काय गत होते, हे त्याने पाहिलेलं होतं. दोन महिन्यांनी तेच बोर्ड ग्राहकाकडून खोके भरून परत आले. त्या मुलीची त्यात काहीच चूक नव्हती, आणि मॅनेजरला एकट्याला दोष देणंही मला आजवर जमलेलं नाही.

मालाच्या दर्जाबाबत एएमडीही धुतल्या तांदळाची नाही. एप्रिल २०२३मध्ये त्यांचे ७००० मालिकेतले काही एक्सथ्रीडी प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाले. पण काही दिवसांतच व्होल्टेजवर मर्यादा घालणारं फर्मवेअर आलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या चिप अस्थिर होऊ लागल्या तेव्हा आधी मदरबोर्डच्या सेटिंगकडे बोट दाखवलं गेलं. मूळ कारणाचा पूर्ण खुलासा व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एएमडी एन्व्हिडियाच्या बरीच मागे पडली. मोजकीच कामं हाती घेतली की काही आघाड्या सुटतात, तशी ही सुटली.

मूलभूत, कारखान्यापर्यंतचं काम शिकायचं असेल आणि दोन-तीन वर्षांची अस्थिरता घराला झेपत असेल, तर इंटेलसारखी सावरू पाहणारी कंपनी अजूनही मोलाची आहे. मार्च २०२५पासून लिप-बू टॅन तिथे प्रमुख आहेत. घरचे हप्ते चालू असतील आणि आपण केलेलं काम बाजारात गेलेलं बघायचं असेल, तर मी एएमडीच्या वळणाची कंपनी निवडीन, पगार थोडा कमी असला तरी.

भाच्याला दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायला सांगितलाय: "मागच्या वेळी तारीख पुढे गेली तेव्हा ते सगळ्यात आधी कोणी सांगितलं, आणि तो माणूस आज कुठे आहे?" पहिला इंटरव्ह्यू गुरुवारी आहे.