पेट सेमेटरी (२०१९): आठ महिन्यांत दोनदा पाहिला, भीती पुस्तकातच राहिली

मे महिन्यात हा सिनेमा घरी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कूलर घरघरत होता. भीती वाटली नाही, त्याचा दोष मी कूलरला दिला. मग डिसेंबरच्या थंडीत खिडक्या लावून, हेडफोन घालून पुन्हा पाहिला. तरी नाहीच.

आमचं घर नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडला लागून. रात्रभर ट्रक जातात, मांडणीवरची भांडी थरथरतात आणि घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. सिनेमा ज्यावर बेतलाय ती स्टीफन किंगची १९८३ची भयकादंबरी मी याच घरात वाचली. दारासमोरचा रस्ता, भरधाव टँकर, रस्त्यावर मेलेली मांजरं-कुत्री पुरायला पोरांनी केलेली जागा. पाटीही पोरांनीच लिहिलेली, म्हणून नावात Cemetery (दफनभूमी) चं Sematary असं स्पेलिंग चुकलेलं. किंग स्वतः अमेरिकेतल्या मेन राज्यात अशाच रस्त्याकाठी राहत होता. त्याच्या मुलीची मांजर ट्रकखाली गेली, लहान मुलगा एकदा रस्त्याकडे धावत सुटला होता. ही भीती वाडीतल्या आईला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पुस्तकात बाप जेमतेम दोन वर्षांच्या गेजला पतंग उडवायला शिकवतो. पोरगं खिदळतंय आणि लेखक तिथेच सांगून टाकतो, याचे दोन महिनेही उरलेले नाहीत. पुढची पानं मी उलटवत होते ती हात गार पडलेले असताना. यंदा संक्रांतीला गच्चीवर मुलाच्या हातात मांजा दिला तेव्हाही तेच पान आठवलं.

सिनेमात अशी उसंतच नाही. (पुढे कथानक फुटतं, ज्यांना पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं.) गेजऐवजी त्याची थोरली बहीण एली मरते. हा बदल ट्रेलरमध्येच दाखवून टाकला होता, मग उरलं काय? सुरुवातीला मुखवटे घातलेल्या पोरांची मिरवणूक येते, छान अंगावर येते आणि नंतर तिचं काहीच होत नाही. बाप एलीला पुरतो आणि ती जिवंत होऊन परत येते. परत आलेली मुलगी बोलते, सुरा चालवते, आणि शेवटी अख्खं कुटुंबच मेलेलं उठून येतं. बापाचं दुःख कुठे गेलं? मूल गेल्यावर माणूस काय काय करायला तयार होईल, हाच तर या गोष्टीचा जीव. त्यावर दिग्दर्शक थांबतच नाहीत. जॉन लिथगोचा म्हातारा शेजारी मात्र मनापासून आवडला.

एक प्रसंग जमलाय, टँकरचा. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, पण टँकर वळताना त्या ओरडल्या, "अवं, आपलं पोट्टं कुठी हाय पाय आधी!" आणि उठून फाटकाची कडी लावून आल्या. परतल्यावर दहा मिनिटं बसल्या, मग स्वयंपाकघरात सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडायला गेल्या. मीही तिथेच बंद करायला हवा होता.

सिनेमाचा विषय आता घरात निघत नाही. फाटकाला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी वरची कडी बसवून घेतली, मुलाचा हात पोचणार नाही अशी.