९९०० एमएएचची थाप: सायकल लाईटचा सेल घेण्यापूर्वी

ऑनलाइन मागवलेल्या हजार ल्युमेनच्या सायकल लाईटमध्ये १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल) आला. त्यावर ठळक छापलं होतं: ९९०० एमएएच, प्रोटेक्टेड. एमएएच म्हणजे सेलच्या क्षमतेचं माप; प्रोटेक्टेड म्हणजे जादा चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणारं सर्किट असलेला. थाप एमएएचच्या आकड्यातच पकडली जाते. १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबीच्या डबीत नामांकित कंपन्यासुद्धा साधारण ३५०० एमएएचच बसवतात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा सेल २७ ग्रॅम भरला. अस्सल सेल ४४ ते ४९ ग्रॅमचा असतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर ४.२ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत उतरवल्यावर जेमतेम ९०० एमएएच निघाले. लाईट दहा वॉट खात असेल, तर ३५०० एमएएचचा सेल तासाहून थोडा जास्त चालतो. हा वीस मिनिटांत मिणमिणायला लागतो.

नुसत्या वजनावरही विसंबू नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवर नवं प्लास्टिक चढवून विकतात, ते वजनाला बरोबर भरतात. ऋण टोक उजेडात तिरकं धरून पाहा. पॅकमध्ये पट्टी जोडताना पडलेले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके किंवा ते घासल्याचे ओरखडे दिसले, तर माल जुना.

खरी फसगत मजबुतीत आहे, आणि ती खड्ड्यांच्या रस्त्यावर उघडी पडते. प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी चकतीएवढं सर्किट असतं, त्यामुळे त्याची लांबी ६९ मिमीच्या आसपास जाते. हा सेल ६५ मिमीच भरला; म्हणजे सर्किट नाहीच, नुसतं नाव. सर्किट असलं तरी ते कच्चं असेल, तर लाईटमधल्या स्प्रिंगच्या दणक्यांनी त्याची बारीक पट्टी सुटते. मग गतिरोधकावर लाईट विझतो, पुढे आपोआप लागतो, आणि माणूस बटणाला दोष देत बसतो.

वेष्टन पातळ असणं सर्वांत धोक्याचं. सेलची सगळी धातूची डबी ऋण असते, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. तिथलं प्लास्टिक घासून फाटलं आणि पांढरी इन्सुलेशनची चकतीही नसली, की लाईटच्या धातूच्या अंगाला टेकून थेट शॉर्ट. पोचा आलेला सेल पुन्हा चार्ज करूच नका; आतले थर दाबले गेलेले असतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

चार सेलचा पॅक असेल तर कानाशी धरून हलवा. खुळखुळला तर सेल होल्डरमध्ये बसवलेले नाहीत, नुसत्या वेष्टनात आवळलेत. हादऱ्यांनी वेल्डिंग तुटतं.

तक्रार केली की विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर येतं: ‘दुसऱ्या चार्जरने करून बघा.’ परतीची मुदत संपवण्याची ही युक्ती. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, काट्यावरचा फोटो आणि चार्जरवरचा आकडा त्याच दिवशी पाठवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.