अख्खी राहिलेली उतरंड

गेल्या दिवाळीत लातूरच्या घराचा व्हरांडा नव्यानं करून घेतला. त्याच्या कोपऱ्यात जुन्या मडक्यांची उतरंड मांडायची, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. फेसबुकवर एक जाहिरात दिसली. एकावर एक पाच मडकी, वरपासून खालपर्यंत काजळलेली, गळ्याशी चुन्याचे पट्टे. खाली लिहिलं होतं, 'भूकंपात पडलेल्या वाड्यातली सैपाकाची अँटिक मडकी, सव्वाशे वर्षं जुनी.'

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी चौदा वर्षांची होते. गणपती विसर्जन करून सगळे झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपात आमचा माळवदाचा वाडा बसला. आजी त्यात गेली. तिची उतरंड मला आजही डोळ्यांपुढं दिसते. खालच्या डेऱ्यात जोंधळे, त्यावर डाळी, मग मीठ, आणि सगळ्यात वरच्या बोळक्यात आम्हा पोरांसाठी चिंचेचे गोळे. चुलीच्या वैलावर दुधाचं मडकं दिवसभर तापत असायचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आंबिलाचं बिंदगं, म्हणजे लहान मडकं, चुना आणि काव लावून रंगवायची तीही तीच. आमच्या घरातलं त्यातलं काहीही उरलं नाही.

हे सगळं मी जाहिरात देणाऱ्या माणसाला फोनवर सांगितलं. तो आधी नुसतं 'किल्लारीकडचा वाडा' म्हणत होता. मी माझ्या गावाचं नाव घेतलं तसं त्याचं आजोळ शेजारच्याच गावात निघालं. "ताई, माझी आज्जी बी त्याच रात्री गेली. ही तिच्या हातची मडकी हायती. तुमच्यासारख्या माणसाच्या घरी गेली तर तिला बरं वाटंल." मी रडले. त्याच दिवशी १०,००० रुपये यूपीआयनं पाठवले, उरलेले ८,५०० पार्सल ट्रॅव्हल्समध्ये चढवल्यावर. सोबत शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर 'अस्सल पुरातन' असं लिहून, गोल शिक्का मारून आलं.

आठ दिवसांनी धूळ पुसायला ओलं फडकं घेतलं, तर ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं. खालून कोरी लाल माती डोकावली. गळ्यावरचा पांढरा थर नखानं उचकला तर रबरासारखा सोलून निघाला. चुन्यात फेविकॉल कालवलेला होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे कुंभारमामा राहतात. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी मडकं हातात घेतलं, आत हात घालून तळ चाचपला आणि म्हणाले, "बाई, ही चाकावरची न्हाईच. साच्यातली हाय." आतून उभी बारीक शीर होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. आपल्याकडचं मडकं चाकावरून उतरलं की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीनं ठोकतात, तेव्हा त्याचा बूड गोल आणि पातळ होतो. त्या ठोकण्याचे उथळ खळगे आतल्या बाजूला बोटाला लागतात. इथं आतली बाजू गुळगुळीत होती.

मग त्यांनी आत पाण्याचे चार थेंब टाकले. क्षणात जिरले. वर्षानुवर्षं कोरड्यास, म्हणजे कालवण, शिजलेलं मडकं तेल-तूप पिऊन बसलेलं असतं, ते पाणी असं गटकन ओढत नाही. बाहेरची काजळी रॉकेलच्या बोळ्यानं पुसली तर सगळी निघून आली. खरी काजळी वरवरची पुसली जाते, पण आचेचा काळा डाग मातीत मुरलेला असतो, आणि तो असतो बुडाला, फार तर पोटाच्या बाजूंना. मामांनी विचारलेला शेवटचा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. "उतरंडीतलं बोळकं कवा चुलीवर चढलंय का?" उतरंड धान्याची. ती चुलीच्या आचेनं काळी झालेली नसते. हे मला, आजीच्या हाताखाली वाढलेल्या बाईला, कळायला हवं होतं.

त्याहून मोठी गोष्ट तर डोळ्यासमोर होती. दोन-दोन, अडीच-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, एवढा भार कोसळला तिथं आमच्या पितळी घागरी चेपून निघाल्या होत्या. मातीची पाच मडकी एकाही तड्याशिवाय कशी निघतील? मला ती तशी निघायला हवी होती, म्हणून मी हा प्रश्नच विचारला नाही.

पैसे मिळाल्यावर त्यानं आणखी फोटो पाठवले होते. 'तेरच्या पांढरीत', म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, 'सापडलेल्या' सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्या, मणी. ते मी घेतले नाहीत, हे बरं झालं. जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तूसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, तसा १८७८ चा कायदा आहे. आणि शंभर वर्षांपुढच्या वस्तू विकण्याचा धंदा करायचा तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. म्हणजे त्याची मडकी खरोखर सव्वाशे वर्षांची असती, तर मी आधी परवाना मागायला हवा होता. स्टॅम्प पेपरवर कुणीही काहीही लिहू शकतं. तेरच्या खऱ्या वस्तू बघायच्या तर तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, धाराशिवहून जवळ.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला तिथं फी लागत नाही. पैसे अजून आलेले नाहीत. त्याचा तो नंबर बंद आहे.

मागच्या आठवड्यात बहिणीनं नांदेडहून एक जाहिरात पाठवली. तेच फोटो, खालून दुसऱ्या मडक्याच्या काठाला तोच टवका. आता ती उतरंड देगलूरकडच्या एका पडक्या गढीतली आहे, निजामाच्या काळातली, आणि किंमत २२,००० आहे. फोनवर तो आधी तुमचं गाव विचारेल.