मास्टर ऑफ ओरायन २ : चौघांनी आठ महिने खेळून झाल्यावर

मास्टर ऑफ ओरायन २ हा अंतराळात साम्राज्य उभारायचा, टर्न-टर्नने चालणारा कॉम्प्युटरवरचा खेळ. स्टारडेट (खेळातली तारीख) ३५००.० ला खेळ सुरू होतो आणि दर टर्नला आकडा ०.१ ने पुढे सरकतो. आम्ही चौघं रविवारी संध्याकाळी बसतो, रात्री उठतो तेव्हा आकडा जेमतेम दोनने हललेला असतो. म्हणजे वीस टर्न. तरणी मुलं एवढे टर्न अर्ध्या तासात उडवतील. आमचे आठ महिन्यांत दोन डाव पुरे झाले, तिसरा चालू आहे, आणि घाई कुणालाच नाही.

आधी ओळख. मास्तर गणित शिकवायचा, आता निवृत्त. वकील अजून कोर्टात जातो. डॉक्टरने दवाखाना मुलीच्या हवाली केलाय. मी चौथा. चौघांनीही पन्नाशी कधीच ओलांडली आहे. हा खेळ आला १९९६ साली, तेव्हा आम्ही तो एकेकटे, रात्री जागून खेळायचो. एकत्र खेळायचं असतं हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

सुरुवात खरं तर स्टेलारिस या अशाच दुसऱ्या खेळापासून केली होती. २०१६ चा खेळ, देखणा आहे, आकाशगंगा बघत बसावी असा. पण त्यात घड्याळ पळत असतं. थांबवता येतं, पण एकाने थांबवलं की चौघांचं थांबतं, आणि मग "कुणी थांबवलं रे?" यातच वेळ जातो. मास्तर एखादी सूचना शेवटपर्यंत वाचेपर्यंत पडद्यावर पुढच्या तीन आलेल्या असायच्या. खेळात खोट नाही, आमच्या चालीला तो जमला नाही एवढंच. महिन्याभराने डॉक्टर म्हणाला, "अरे, आपण तासभर एक शब्द बोललो नाही." त्याच रात्री जुन्याकडे वळलो.

ओरायन २ मध्ये सगळे एकाच वेळी आपापली चाल करतात, टर्नचं बटण दाबतात आणि जो मागे राहिलाय त्याची वाट बघतात. मागे राहणारा बहुधा वकील. त्या वाट बघण्यातच आमच्या खऱ्या गप्पा होतात. गुडघे, नातवंडं, कुणाची शस्त्रक्रिया, आणि मध्येच "ए, तुझी जहाजं माझ्या ताऱ्याकडे का येतायत?"

पण या खेळात बोलावं लागतं, त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते आता कुठे नीट कळलं. संशोधनाची आठ क्षेत्रं आहेत. एखादी पायरी पूर्ण केली की बहुतेक ठिकाणी दोन-तीन शोधांतला एकच मिळतो, बाकीचे हातचे गेले. ॲडव्हान्स्ड कन्स्ट्रक्शनला पोहोचलात की ऑटोमेटेड फॅक्टरी, मिसाइल बेस किंवा हेवी आर्मर, यांतलं एकच. सगळं हवं असेल तर वंश बनवताना 'क्रिएटिव्ह' गुण घ्यायचा, पण तो वंश बनवायला मिळणाऱ्या दहा पॉइंटांतले आठ खातो. उलट 'अनक्रिएटिव्ह' असाल तर खेळ स्वतःच एक शोध तुमच्या पदरात टाकतो, तुम्हाला विचारतही नाही. एकट्याने खेळताना मी डोळे मिटून सायलॉन नावाचा तयार वंश घ्यायचो. ते मुळातच क्रिएटिव्ह, त्यामुळे निवडायची वेळच यायची नाही. चौघांत आम्ही क्रिएटिव्हवर बंदी घातली. मास्तरचा नियम आहे हा, आणि आठ महिन्यांतला सगळ्यात शहाणा निर्णय. आता प्रत्येकाकडे काहीतरी कमी असतं आणि ते दुसऱ्या कुणाकडे तरी असतं. चोरायला हेर पाठवा, लढून घ्या, नाहीतर मागा. मागायला तोंड उघडावंच लागतं.

दुसऱ्या डावातली एक गोष्ट सांगतो. माझ्या साम्राज्यात शेती करणारा ग्रह एकच, बाकीच्या वसाहतींवर दगड आणि किरणोत्सर्ग. मालवाहू जहाजांचा ताफा बांधला की पाच जहाजं मिळतात, एक जहाज एका माणसाचं अन्न नेतं. हिशेब चोख होता. एके रविवारी डॉक्टरची दोन फ्रिगेट त्या ग्रहावर येऊन उभी राहिली. हल्ला नाही, काही नाही, नुसती उभी. वेढा पडला की तिथलं अन्न बाहेर जात नाही, हे मी पंचवीस वर्षांत विसरलो होतो. पुढच्या टर्नला उपासमारीच्या बातम्या सुरू. इकडे माझी माणसं मरतायत आणि हा गृहस्थ आपल्या नातीने पहिल्यांदा सायकल कशी चालवली ते रंगवून सांगतोय! मी म्हटलं, "डॉक्टर, ती दोन जहाजं काढ आधी." तो म्हणाला, "थांब रे, ती पडली ते ऐक." ऐकलं. मग त्याने जहाजं काढली, बदल्यात माझी एक वसाहत घेतली. आजही नातीचा विषय निघाला की मी आधी नकाशा बघतो.

तक्रारी आहेतच. पहिली डोळ्यांची. चित्र ६४० बाय ४८० चं, आजच्या मोठ्या पडद्यावर ताणलं की अक्षरं फुगतात पण स्पष्ट होत नाहीत. मी पडदा लांब सरकवला, वाचायचा चष्मा काढून कॉम्प्युटरचा लावला, मग जमलं. वकील भिंग वापरतो. थट्टा नाही, खरंच वापरतो.

दुसरी जोडणीची. खेळ डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसवरचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतो आणि त्यातच जुन्या आयपीएक्स नेटवर्कची नक्कल करायची सोय आहे. एकाने सर्व्हर सुरू करायचा, बाकीच्यांनी त्याच्या पत्त्यावर जोडून घ्यायचं. आज्ञा दोनच ओळींच्या, पण पहिले दोन रविवार त्यातच गेले. अधूनमधून जोडणी तुटते, मग सेव्हवरून पुन्हा सुरुवात. एकदा सेव्हचं फोल्डर आवरण्याच्या नादात मीच SAVE10 नावाची फाइल उडवली. ऑटोसेव्ह तिथेच असतो. बारा टर्न गेले, आणि नेमके वकील जिंकत असलेले. माझा हेतू वाईट होता असं तो अजून म्हणतो.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि तिच्यावर उपाय सापडला नाही. डावाचा उत्तरार्ध कंटाळवाणा होतो. तीस-चाळीस वसाहती झाल्या की प्रत्येकीत जाऊन काय बांधायचं ते सांगत बसा. आपोआप बांधायची सोय आहे, पण ती उपाशी ग्रहावर भलतंच काहीतरी बांधत बसते. लढाईचंही तेच. सुरुवातीला क्षेपणास्त्रांची चार जहाजं एकमेकांवर सोडायला मजा येते. टायटन आणि डूम स्टार ही अजस्र जहाजं मैदानात उतरली की दोघं लढतात आणि उरलेले दोघं पेंगतात. पहिला डाव आम्ही त्यामुळेच मतदानाने संपवला. खेळात सगळ्या साम्राज्यांची एक परिषद भरते, तिच्यात दोन तृतीयांश मतं मिळाली की सम्राट. मास्तर निवडून आला. आम्ही मतं दिली कारण रात्रीचे साडेअकरा झाले होते.

अंटारन या खेळातल्या परक्या हल्लेखोरांबद्दल थोडं. हे मधूनच कुठूनतरी उगवतात, कुणाची तरी वसाहत झोडपतात आणि जातात. सुरुवातीलाच त्यांना बंद करता येतं. आम्ही चालू ठेवले, कारण कुणाचं जास्त वाढलं की सगळे मनातल्या मनात त्यांची वाट बघतात. एकटा खेळत असाल तर संगणकाचे विरोधक आता पोरकट वाटतील, हेही सांगून ठेवतो. लढाईत त्यांना फसवणं फार सोपं आहे. १.३१ या अधिकृत आवृत्तीनंतर चाहत्यांनी काढलेली १.५० ची सुधारणा पुष्कळ बारीकसारीक गोष्टी नीट करते, आम्ही तिच्यावरच खेळतो.

कुणी घ्यावा? जुने मित्र असतील, आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी असेल आणि हरलेलं मनाला लागत नसेल, तर जरूर. रात्रीत डाव संपवायचा असेल तर नको.

तिसरा डाव ३५१०.४ वर आहे. रोबोटिक्स या संशोधनाच्या पायरीला मी खाणींची यंत्रं घेतली, बॅटलस्टेशन सोडलं. कारखाने धो धो चालतायत, जहाजं भराभर बनतायत, आणि आता ती सांभाळायला लागणारे कमांड पॉइंट पुरत नाहीत. जास्तीच्या प्रत्येक पॉइंटमागे दर टर्नला दहा बीसी (खेळातलं चलन) तिजोरीतून जातात. हे पॉइंट वाढवणारं बॅटलस्टेशन फक्त वकिलाकडे आहे. परवा फोन करून मागितलं, तर म्हणाला, "आधी ते बारा टर्न परत कर."