48 नंबरची जर्सी: माप चुकलं, माणूस नाही

मॉन्ट्रियलला येऊन सहा हिवाळे झाले, शेवटी इथल्या आइस हॉकी टीमची, कॅनेडियन्सची लाल जर्सी घेतलीच, पाठीवर डिफेन्समन (बचावपटू) लेन हटसनचं नाव आणि त्याचा 48 नंबर. डाउनटाउनमधल्या एका दुकानातून घेतली, नाव सांगत नाही कारण पुढे तक्रार आहे.

आता हटसनच का? जर्सी घेणं म्हणजे जुगार, आज नाव शिवून घ्यायचं आणि उद्या गडी दुसऱ्या टीमला ट्रेड झाला की ती घालून कुठे मिरवणार. ऑफिसातला एक जुना फॅन म्हणालेला की याची घेऊ नकोस, पाच फूट नऊ इंचाचा डिफेन्समन प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद सामन्यांत) चिरडला जातो. 2022 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) बऱ्याच टीम्सनाही तेच वाटलं असणार, नाहीतर एवढं टॅलेंट 62 व्या नंबरपर्यंत उरतंय कशाला. मग 2024-25 मध्ये पठ्ठ्यानं पहिल्याच पूर्ण सीझनला 66 पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) केले, त्यातले 60 असिस्ट, म्हणजे गोलला मदत करणारे पास, आणि रुकी (पहिल्या सीझनच्या) डिफेन्समनमध्ये असिस्टच्या लॅरी मर्फीच्या 1980-81 च्या रेकॉर्डशी बरोबरी, आणि सर्वोत्तम रुकीची कॅल्डर ट्रॉफी घरी.

पण खरं सांगायचं तर ऑफिसातला तो अगदीच चुकीचा नाहीये. नेटसमोर एखादा धिप्पाड फॉरवर्ड ठाण मांडून बसला की 73 किलोचा पोरगा त्याला ढकलून ढकलून किती ढकलणार. पण एका मॅचला मी वरच्या रांगेतून बघत होतो, कोपऱ्यात पक (हॉकीची चकती) हटसनकडे, समोरून एक जण अंगावर धावत आला, यानं खांदा डावीकडे टाकला आणि स्वतः उजवीकडून निघून गेला, तो समोरचा थेट काचेवर. पक आपल्या झोनमधून असा झटपट बाहेर गेला तर नेटसमोर कुस्ती खेळायची वेळच कमी येते ना! माझं मत असं की असा एक खेळाडू हवाच, पण असे तीन झाले तर बोंब. सोबत गुली, झेकाय असे उंच डिफेन्समन आहेत, 2025 ला सहा फूट चार इंचाचा डॉबसन आणला, म्हणून हे जमतं. टीमनंही 8 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय, वर्षाला 88.5 लाख डॉलर, 2026-27 पासून. म्हटलं चला, जर्सीचे पैसे वसूल होतील.

आता जर्सी. कापड भारीये, अक्षरं चिकटवलेली नाहीत तर शिवलेली, आतून पाठीला तो फाइट स्ट्रॅपपण आहे, म्हणजे मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून पँटला अडकवायचा पट्टा (हटसनला कशाला लागतोय म्हणा). पण माप! या जर्स्या आत पॅड बसतील अशा ढगळ असतात हे दुकानदारानं सांगायला नको? मी नेहमीसारखी लार्ज घेतली, बाह्या बोटांच्या खाली. आईनं व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, कुणाचा झगा घातलायस रे?

बदलायला गेलो तर नाव शिवलेला माल परत घेत नाही म्हणे, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात, तेही आधी फ्रेंचमध्ये. वर दुसऱ्याच धुण्यात 8 च्या खालच्या गोलाचा दोरा सुटला, तो बायकोनं घातला.

जर्सीला पाचात साडेतीन, दुकानाला एक. घेणार असाल तर एक साइज लहान घ्या, आणि नाव शिवायच्या आधी घालून बघा, हुडीवर नको, नुसत्या टीशर्टवर.