‘सहज निघतो’ म्हणून विकलेला वॉलपेपर आणि हातचं गेलेलं डिपॉझिट

‘भाड्याच्या घरासाठी खास. ड्रिल नको, गोंदाचा डाग नाही, जाताना सोलून काढा.’ बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, वडगाव, भाग्यनगर, कुठंही भाड्यानं राहणाऱ्याला ही जाहिरात आपल्यासाठीच केलीय असं वाटतं. यातला माल दर वेळी खोटा असतो असं नाही. लबाडी होते ती मापात, नमुना दाखवण्यात आणि लावताना.

आधी माप बघा. चिकट पाठीच्या वॉलपेपरचा नेहमीचा रोल ४५ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो, पण त्याच रुंदीचा ५ मीटरचा रोलही मिळतो. गंडवतात ते या दुसऱ्यात. समजा भिंत १२ फूट रुंद, १० फूट उंच आणि बिनखिडकीची आहे. विकणारा कॅल्क्युलेटर काढून सांगतो : १२० चौरस फूट, एका रोलमध्ये २४, म्हणजे ५ रोल. हिशोब ऐकायला चोख वाटतो. पण वॉलपेपर चौरस फुटांत लागत नाही, उभ्या पट्ट्यांत लागतो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, डिझाइन जुळवायला आणि वर-खाली कापायला धरून एक पट्टी साधारण ३.२ मीटरची. ५ मीटरच्या रोलमधून अशी एकच पट्टी निघते, उरलेला १.८ मीटरचा तुकडा त्या भिंतीला पुरत नाही. भिंत ३६६ सेंटिमीटर, म्हणजे पट्ट्या ९. म्हणून रोलही ९ लागतात, ५ नव्हे. १० मीटरचा रोल घेतला तर एकात तीन पट्ट्या बसतात आणि ३ रोलमध्ये काम उरकतं.

अर्धी भिंत झाल्यावर ‘अजून ४ रोल लागणार’ असा फोन येतो. ॲडव्हान्स आधीच गेलेला असतो, दर वाढलेला असतो, आणि नव्या रोलचा बॅच नंबर वेगळा असला तर रंगाची छटाही जुळत नाही. ऑर्डर देतानाच बिलावर पट्ट्यांची संख्या, रोलची लांबी-रुंदी आणि ‘सगळे रोल एकाच बॅचचे’ हे लिहून घ्या.

नमुना दुकानात काचेवर, टाइलवर नाहीतर सनमायकावर चिकटवून टर्रकन सोलून दाखवतात. काचेवरून काहीही निघतं! तुमच्या भिंतीवर प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर डिस्टेंपर असतो. गोंदाची पकड डिस्टेंपरच्या पकडीपेक्षा जास्त असेल तर कागद निघताना रंगासकट पुट्टीचे पोपडे घेऊन येतो. भिंतीवर तळहात घासला आणि पांढरी भुकटी लागली, की त्या भिंतीवर चिकटणारी कुठलीच वस्तू नको. शहापूर-वडगावच्या जुन्या, चुना मारलेल्या घरांत तर विचारायलाच नको.

खरा घात पुढं आहे. भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर कागदाच्या कडा काही दिवसांतच उचलतात, हे लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तक्रार येऊ नये म्हणून तो कडांना आणि सांध्यांना सनमायका चिकटवायचा पिवळट रबरी गोंद लावतो. काम चालू असताना खोलीत उग्र वास आला, ब्रश आणि डबा दिसला, तर काम तिथंच थांबवा. त्या गोंदानंतर ‘सहज निघतो’ या शब्दाला काही अर्थ राहत नाही. वॉरंटी म्हणून जे तोंडी सांगतात ते चिकटून राहण्याची असते, निघण्याची नव्हे.

आपल्याकडच्या पावसाचं तर कोणी बोलतच नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंती ओल धरतात. पीव्हीसीचा कागद किंवा विटांच्या डिझाइनचं फोमचं पॅनेल लावलं की ती ओल बाहेर पडू शकत नाही, आणि मागं काळी बुरशी धरते. तपासायला दीड फुटाचा पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी मास्किंग टेपनं बंद करून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर ती भिंत सोडा. भिंत कोरडी निघाली तरी वॉलपेपरचा वीतभर तुकडा कपाटामागं लावून आठवडाभरानं काढून बघा. नवीन रंग दिलेला असेल तर महिनाभर तरी थांबा.

टाइलवरचे स्टिकर त्या मानानं बरे, रॉकेलनं गोंद निघतो. शहाबादी फरशीवर मात्र नको. दगड गोंद आणि रॉकेल दोन्ही पितो. न चिकटवता अंथरायची व्हिनाइल चटई घ्या. पडद्याला स्प्रिंगचा रॉड खिडकीच्या चौकटीत दाबून बसतो, हलक्या कापडाला पुरतो. त्याच रॉडवर आईची जुनी शहापुरी साडी टाकली तर कुठल्याही वॉलपेपरपेक्षा खोली खुलते, हे आमचं मत.

ॲग्रीमेंट बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. भिंतीला काही लावण्याबद्दलचं कलम कुणाकडून तरी नीट वाचून घ्या आणि मालकांची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. राहायला जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून त्यांना पाठवा. करारात वेगळं ठरलं नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ प्रमाणे घर मिळालं तसं परत द्यायचं असतं, पण रास्त वापरानं होणारी झीज त्यात धरत नाहीत. एका भिंतीची पुट्टी निघाली तर तिचा खर्च तुमचा. त्या निमित्तानं अख्ख्या घराचा रंग डिपॉझिटमधून कापत असतील तर हे फोटो पुढं करा.

कागद आधीच लागला असेल तर ओढू नका. हेअर ड्रायरनं एका वेळी फूटभर भाग गरम करा, वरच्या कोपऱ्यातून सोडवा आणि भिंतीला समांतर, स्वतःवरच दुमडत सावकाश खाली आणा. काटकोनात ओढला की पुट्टी येते. रबरी गोंदाच्या कडा ब्लेडनं कापून शेवटी ठेवा, तेवढी पट्टी खरवडून पुट्टी भरावीच लागेल. काढताना व्हिडिओ घ्या, गोंदाची रेघ दिसू द्या. बिल, बॅच नंबर आणि हा व्हिडिओ घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बिल द्यायला जो टाळतो, त्याला ॲडव्हान्स देऊच नका.